क्रमांक कोण ठरवतो? गाण्यांच्या यादीची सात दशके

गाणे लोकप्रिय कसे होते, याचा वर्धा जिल्ह्यातला सर्वांत ठळक दाखला कोणत्याही क्रमवारीत सापडत नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये आष्टीत उठाव झाला. त्यामागे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांची प्रेरणा होती. त्याच महिन्यात इंग्रज सरकारने महाराजांना अटक केली. ती भजने कोणी पहिल्या क्रमांकावर नेऊन बसवली नव्हती, ती लोकांच्या तोंडून गावोगाव गेली. त्यानंतर गाण्यांना क्रमांक देण्याची रीत रुजली, साधने बदलत गेली. पण या सगळ्या काळात एक गोष्ट कायम राहिली. यादी लोकांची पसंती मोजते खरी, मात्र पसंतीसाठी लोकांपुढे काय मांडायचे हे आधीच कुठेतरी ठरलेले असते.

बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीने चित्रपटगीतांवर बंधने आणली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. डिसेंबर १९५२ मध्ये तिथे अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. पुढे तिची क्रमवारी रेकॉर्डच्या विक्रीवर आणि श्रोता संघांच्या मतांवर ठरू लागली. नुसत्या विक्रीचे आकडे फसवे ठरू शकतात, हे तेव्हाच ध्यानात आले होते. पण गीतमाला हिंदी चित्रपटगीतांची होती आणि रेकॉर्डच्या बाजारावर एचएमव्ही या कंपनीचा दबदबा होता. १९८० च्या दशकात टी-सीरिजसारख्या कंपन्यांच्या स्वस्त कॅसेटींनी भीमगीते, भजने, लोकगीते घराघरांत नेली. विदर्भातल्या श्रोत्यांसाठी हा मोठाच बदल होता. तरी ही गाणी गीतमालेच्या चौकटीबाहेरच राहिली.

आता गाणी ऑनलाइन ऐकली जातात आणि प्रत्येक ऐकणे थेट नोंदवले जाते, मग शंका कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. त्यात तथ्य आहे. दुकानदाराच्या अंदाजापेक्षा ही मोजणी कितीतरी अचूक आहे. पण मोजणी अचूक असली म्हणजे निवड मोकळी होती असे नाही. स्पॉटिफायवर गाणे तीस सेकंद वाजले की ते एकदा ऐकले असे धरतात. ते श्रोत्याने शोधून लावले, प्लेलिस्टमधून आले की आपोआप सुरू झाले, हे त्या आकड्यात दिसत नाही. २०१९ मध्ये रॅपर बादशाहच्या ‘पागल’ गाण्याला यूट्यूबवर एका दिवसात साडेसात कोटी व्ह्यूज मिळाल्याचा दावा झाला, पण त्यात जाहिरातींतून आलेले व्ह्यूजही होते. यूट्यूबने तो विक्रम मानला नाही आणि सप्टेंबरमध्ये नियमच बदलला: पैसे देऊन मिळवलेले व्ह्यूज क्रमवारीत धरायचे नाहीत. पैशाने आकडा फुगतो, याची ही कबुलीच होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आता कोणाचेही गाणे पुढे येऊ शकते. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचे ‘गुलाबी साडी’ आणि क्रेटेक्स-श्रेयसचे ‘तांबडी चामडी’ ही २०२४ ची गाणी कोणत्याही सिनेमाच्या आधाराशिवाय देशभर गेली. एचएमव्हीच्या जमान्यात हे जवळपास अशक्य होते आणि या यशाचे श्रेय त्या कलाकारांचेच आहे. तरी ‘गुलाबी साडी’मागे वितरणाला बिलीव्ह ही फ्रेंच कंपनी होती आणि ‘तांबडी चामडी’ वॉर्नरच्या मालकीच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने काढले. दार रुंद झाले आहे, पण किल्ली अजून कंपन्यांकडेच आहे.

पैशाच्या वाटपातही हेच दिसते. हिंगणघाटचा एखादा श्रोता स्ट्रीमिंग सेवेला दरमहा पैसे भरून फक्त खंजिरी भजने ऐकत असेल, तरी रूढ पद्धतीत त्याचे पैसे एका सामायिक रकमेत जातात आणि एकूण ऐकण्याच्या प्रमाणात वाटले जातात. साहजिकच मोठा वाटा मोठ्या कंपन्यांना मिळतो. साउंडक्लाउड या सेवेने २०२१ मध्ये काही कलाकारांसाठी श्रोत्याचे पैसे त्याने ऐकलेल्यांनाच देण्याची पद्धत सुरू केली, म्हणजे पर्याय आहे. कंपन्या नकोत असे कोणी म्हणणार नाही. ध्वनिमुद्रणाला, वितरणाला भांडवल लागतेच. पण पैसे देऊन पुढे आणलेले गाणे तसे स्पष्ट दाखवावे, भाषावार आणि जिल्हावार याद्या प्रसिद्ध कराव्यात आणि श्रोत्याचा पैसा त्याच्या पसंतीच्या गायकाकडे जावा. एवढे झाले, तर पहिल्या क्रमांकाला लोकांची पसंती म्हणणे रास्त ठरेल.