किल्ल्यांच्या जुडग्यातला टॉर्च : खोक्यावरचे ल्युमेन आणि सेलमधला उजेड

२ ल्युमेन. मॅगलाइट या अमेरिकी कंपनीचा ‘सॉलिटेअर’ हा किल्ल्यांना अडकवायचा टॉर्च १९८०च्या दशकात आला, तेव्हा त्यात तारेचा बल्ब होता आणि उजेड एवढाच पडायचा. पुढे तेवढ्याच नळीत, त्याच एका बारीक सेलवर एलईडी बसला आणि आकडा आधी ३७ वर, मग ४७ वर गेला. आज त्याहून लहान टॉर्चच्या खोक्यावर ३००-४०० ल्युमेन छापलेले दिसतात. ऑनलाइन बाजारात शे-दोनशे रुपयांच्या वस्तूवर १०,००० ल्युमेनही सापडतात, पण त्यांच्यावर शाई खर्च करण्यात अर्थ नाही. ४००चा आकडा मात्र नावाजलेल्या कंपन्याही छापतात आणि तो खोटा नसतो. तरीही रोजच्या वापराचा टॉर्च निवडताना हाच आकडा सर्वांत कमी कामाचा आहे, असे माझे मत आहे. का, ते हिशेबानेच पाहू.

टीव्हीच्या रिमोटमध्ये घालतो तो बारीक सेल म्हणजे ट्रिपल-ए. चांगल्या अल्कलाइन सेलची क्षमता सुमारे १,००० मिलिअँपिअर-तास, रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइडची ७५० ते ८००. सरासरी व्होल्टेजने गुणले की दोन्हींत ढोबळमानाने १ वॅट-तास ऊर्जा निघते. एलईडी, त्यामागचे सर्किट आणि पुढची भिंग-काच यांची वजावट करून १ वॅटमागे १०० ल्युमेन हाती लागतात असे धरू. म्हणजे एका सेलमध्ये एकूण १०० ल्युमेन-तास उजेड आहे. तो १०० ल्युमेनने तासाभरात संपवा, १० ल्युमेनने १० तास पुरवा किंवा १ ल्युमेनने १०० तास. टपरीवर मिळणाऱ्या स्वस्त झिंक-कार्बन सेलमध्ये याच्या निम्मासुद्धा निघत नाही. यूएसबीवर चार्ज होणाऱ्या छोट्या टॉर्चमध्ये १३० मिलिअँपिअर-तासांची लिथियम बॅटरी असेल, तर ३.७ व्होल्टने गुणून ०.४८ वॅट-तास, म्हणजे ४८ ल्युमेन-तास झाले. त्यावर ४०० ल्युमेन सलग मागितले तर ७ मिनिटांत खेळ खलास. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

मग ‘१०० ल्युमेन, ८ तास’ असे खोक्यावर कसे येते? गुणाकार ८०० ल्युमेन-तासांचा होतो, सेलमध्ये तर १००च आहेत. इथे पाणी मुरते ते मोजण्याच्या नियमात. टॉर्चसाठी अमेरिकेत २००९ साली ‘एफएल-१’ हे ऐच्छिक मानक ठरले आणि जगभरच्या चांगल्या कंपन्या तेच वापरतात. त्यानुसार उजेड टॉर्च लावल्यानंतर ३० सेकंदांनी मोजला जातो, आणि तो त्याच्या १० टक्क्यांवर उतरेपर्यंतचा सगळा वेळ ‘रनटाइम’ म्हणून छापता येतो. आता पाहा : पहिली ३ मिनिटे १०० ल्युमेन म्हणजे ५ ल्युमेन-तास. नंतर टॉर्च स्वतःहून १२ ल्युमेनवर उतरला आणि जवळजवळ आठ तास चालला, म्हणजे आणखी सुमारे ९५. बेरीज १००. उजेड १० टक्क्यांच्या खाली कधी गेलाच नाही, म्हणून छापले ते नियमाला धरूनच आहे. गिऱ्हाईक मात्र १०० ल्युमेनचा समजून १२ ल्युमेनचा टॉर्च घरी आणते.

कंपनीला तरी दुसरा इलाज नसतो, कारण टॉर्च तापतो. नळीत १५ ग्रॅम ॲल्युमिनिअम असेल तर ते १ अंशाने तापायला साधारण साडेतेरा ज्यूल लागतात. ४०० ल्युमेनसाठी ४ वॅट लागतात आणि त्यातले पावणेतीनच्या आसपास नुसतीच उष्णता होतात. हवेत नि हातात जाणारी उष्णता तूर्त बाजूला ठेवली, तर दर ५ सेकंदांना १ अंश. मिनिटात १२, तीन मिनिटांत ३६. नागपूरच्या मे महिन्यात टॉर्च खिशातूनच ४० अंशांवर निघतो, पुढचे वाचकांनीच ताडावे. म्हणून आतले सर्किट मिनिटा-दोन मिनिटांत उजेड खाली आणते, आणि आणलाच पाहिजे.

हे उतरणे बऱ्याच जणांच्या लक्षातही येत नाही, कारण डोळा सरळ हिशेबाने पाहत नाही. अंधारातल्या पसरट उजेडासाठी मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन्स यांच्या नियमातला घातांक एक-तृतीयांशच्या आसपास आहे : उजेड आठपट झाला की तो दुप्पट वाटतो. २० ल्युमेनच्या दुप्पट भासायला १६० लागतील. २० आणि ३० शेजारी-शेजारी धरल्याशिवाय फरक सांगणे कठीण, आणि लोक त्या १० ल्युमेनसाठी दोनशे रुपये जास्त मोजतात!

मग किती पुरे? पल्ल्याचा आकडा इथे उपयोगी पडतो, पण त्याचा अर्थ माहीत हवा. एफएल-१ मध्ये पल्ला म्हणजे जिथे समोर पडणारा प्रकाश ०.२५ लक्सवर, म्हणजे साधारण निरभ्र पौर्णिमेच्या चांदण्याइतक्यावर येतो ते अंतर. ६० अंशांत पसरणारा २० ल्युमेनचा झोत घेतला तर मध्यावर झोताची तीव्रता सुमारे २४ कँडेला भरते. त्याच्या वर्गमुळाची दुप्पट केली की पल्ला निघतो १० मीटर. ऐकायला किरकोळ. पण चालताना आपण पाहतो ते पायापुढचे दोन मीटर, आणि तिथे ६ लक्स पडतात, म्हणजे चांदण्याच्या चोवीसपट. कमी वर्दळीच्या दुय्यम रस्त्यांवरच्या दिव्यांसाठी आपल्याच आयएस १९४४ या मानकाची अपेक्षा सरासरी ४ लक्सची आहे.

हे दोन मीटर महाराष्ट्रात क्षुल्लक नाहीत. शेतीपंपांना रात्रपाळीची वीज आली की पाणी द्यायला अंधारातच बांधावरून जावे लागते. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे, वर्षाला सरासरी ५८,०००. शेतावर जायला मोठा टॉर्च आणि गुडघ्यापर्यंतचे गमबूट हेच योग्य, कीचेनचा टॉर्च त्यांची जागा घेणार नाही. पण मोठा टॉर्च घरी खुंटीला राहतो नि हा किल्ल्यांबरोबर येतो. मोबाइल आहे की, असे कोणी म्हणेल. ओल्या हातांनी, पाच टक्के चार्ज उरलेला मोबाइल बांधावर धरून पाहा.

दुसरे टोक १ ल्युमेनचे. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना २० ते ३० मिनिटे लागतात आणि १०० ल्युमेनचा एक झोत ती कमाई क्षणात घालवतो. रात्री पाणी प्यायला उठताना, बाळ शेजारी झोपलेले असताना १ ल्युमेन भरपूर. म्हणून टॉर्च लावल्यावर आधी मंद उजेड यावा. पहिल्याच दाबाला डोळे दिपवणारे टॉर्च मला तरी अडाणी वाटतात. दुकानात आणखी एक पाहा : मंद उजेडात टॉर्च भिंतीवर धरा आणि मोबाइलचा कॅमेरा त्यावर रोखा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले, तर उजेड कमी करण्यासाठी एलईडीची झपाट्याने उघडझाप केली जाते आहे. पट्टे ठळक असले तर तो टॉर्च फिरत्या पंख्यावर मारून बघा, पाती तुकड्यातुकड्यांत दिसतील.

खोक्यावर सहसा नसणारा आकडा म्हणजे बंद असतानाची गळती. इलेक्ट्रॉनिक बटण सतत थोडा प्रवाह खात बसते. तो १० मायक्रोअँपिअर धरला तरी वर्षाच्या ८,७६० तासांत ८७.६ मिलिअँपिअर-तास जातात. ट्रिपल-एचा हा दहावा भाग, पण १३० वाल्या बॅटरीचा दोन-तृतीयांश. डोके पिळून लागणाऱ्या टॉर्चमध्ये ही गळती शून्य, शिवाय खिशात चुकून दाबला जाण्याची भीती नाही. पिळण्याच्या टॉर्चमध्ये अल्कलाइन सेल वर्षभर विसरला तर मात्र तो आतच गळू शकतो, आट्यांवर पांढरी पूड जमते आणि टॉर्च कायमचा जाऊ शकतो. निकेल-मेटलचा सेल घातला की ही कटकट फारशी उरत नाही. पावसाळ्यासाठी आयपीएक्स-४ म्हणजे फक्त शिंतोड्यांपासून बचाव, आयपीएक्स-७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटे. कोकणात राहत असाल तर दुसरेच घ्या.

तेव्हा खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा सोडा आणि मधल्या पातळीचा पाहा. १० ते ३० ल्युमेन, त्यावर निदान ३ तास, खाली १ ल्युमेनची पातळी, बाहेर काढता येणारा ट्रिपल-ए सेल आणि पिळायचे डोके, एवढे जमत असेल तर घ्या. ल्युमेन आणि तासांचा गुणाकार १००च्या फार पुढे जात असेल, तर दुकानदाराला विचारा : पाचव्या मिनिटाला किती?