चारमिनारच्या दारातलं अक्षर

मला उर्दू वाचता येत नाही; तरी दोनच अक्षरं शिकून मी निजामाची नाणी ओळखायला लागले. हैदराबादच्या जुन्या चांदीच्या रुपयावर चारमिनार असतो. त्याच्या मधल्या कमानीत बघा. तिथे ‘मीम’ असेल, तर नाणं मीर महबूब अली खानांच्या काळातलं. ‘ऐन’ असेल, तर मीर उस्मान अली खानांचं, म्हणजे १९११ पासून पुढचं. साल हिजरी असतं: १३३० म्हणजे साधारण १९१२.

हा हाली सिक्का मराठवाड्यातही चालायचा, त्यामुळे आजीच्या पेटीत सापडू शकतो. सापडला तर चिंच लावून घासू नका. अक्षर झिजलं की ओळख गेली. आणि सोनाराकडे मोडीत घालण्याआधी एकदा वाचा. तिथे फक्त चांदीचं वजन होतं, इतिहासाचं नाही.