गॅस घरात आहे, तरी निर्धूर चूल घालावी का?

पावसाळ्याआधी कौलं शाकारायला माणसं लागली, की गावाकडच्या घरात एक प्रश्न हमखास निघतो. जुनी चूल काढून निर्धूर चूल घालायची का? घरधनी म्हणतात, “गॅस आहे ना, मग चुलीवर आणखी पैसे कशाला?” सासूबाई म्हणतात, “चुलीवरच्या भाकरीची सर गॅसला नाही.” आणि रोज चुलीपुढे जिला बसायचं, तिला मात्र बहुधा कुणी विचारत नाही. हा लेख मुख्यतः तिच्यासाठी आहे.

चूल पेटते कशासाठी?

आधी याचं उत्तर शोधा. आठवडाभर एक सोपी गोष्ट करा. सकाळी लागणारं लाकूड वजनकाट्यावर तोलून ठेवा, आणि चूल कशासाठी पेटली ते कॅलेंडरवर लिहा. आंघोळीचं पाणी, भाकरी, भाताचं मोठं पातेलं, गुराढोरांचं आंबोण, जे असेल ते. आठवड्याच्या शेवटी चित्र स्पष्ट होईल.

चूल फक्त आंघोळीच्या पाण्यासाठी पेटत असेल, तर स्वयंपाकघरात नवी चूल घालूच नका. मागच्या अंगणात बंब ठेवा, किंवा ऐपत असेल तर छपरावर सौर बंब बसवा. मात्र कोळशाचा किंवा लाकडाचा बंब बंद न्हाणीघरात कधीही पेटवू नये. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला ना रंग असतो ना वास, आणि तो जीवही घेतो.

चहा, भाजी, आमटी अशा रोजच्या किरकोळ कामांसाठी चूल पेटत असेल, तर ती कामं सरळ गॅसवर न्या. पण मोठा खटला आहे, लाकूडफाटा घरच्या बागेतला आहे आणि दोन-दोन भांडी एकदम चढतात, तर निर्धूर चुलीचा विचार जरूर करावा.

‘निर्धूर’ म्हणजे काय?

हे नाव थोडं फसवं आहे बरं का! धूर होतोच, तो फक्त घरात न राहता छपरावरून बाहेर जातो. आपल्या जुन्या चुलीला वैल असतो ना, तीच कल्पना इथे पुरी केलेली असते. जाळ पहिल्या भांड्याखालून दुसऱ्याखाली जातो आणि उरलेला धूर धुराड्याची वाट धरतो. साध्या चुलीत लाकडातल्या उष्णतेपैकी जेमतेम १० टक्के भांड्याला लागते. सुधारित चुलीकडून किमान २० टक्क्यांची अपेक्षा असते. पण हा फायदा दोन्ही भांडी चढलेली असतील तरच. दुसरं भोक रिकामं ठेवलंत, तर लाकूड वाचत नाही आणि धूरही तिथूनच घरात येतो.

कल्पना तशी जुनी आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत ‘मगन चूल’ तयार झाली. हैदराबादच्या डॉ. एस. पी. राजू यांनी १९५३ मध्ये निर्धूर स्वयंपाकघरावर पुस्तिकाच काढली. पुढे १९८० च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा देशव्यापी कार्यक्रम घेतला. तो २००२ मध्ये थांबला, तोवर तीन कोटींहून अधिक चुली बसल्या होत्या. त्यांतल्या कितीतरी पुढे नुसत्या कोपऱ्यात पडून राहिल्या. कुठे धुराडं तुंबलं, कुठे चुलीला भेग गेली, कुठे भांडंच भोकात बसेना. ओडिशातल्या खेड्यांत एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही वर्षं पाहणी केली. तिथेही पहिल्या वर्षी बायकांच्या छातीत जाणारा धूर कमी झाला, पण निगा राहिली नाही आणि पुढे तो फायदा टिकला नाही.

घालायचं ठरलं, तर

गवंडी येईल तेव्हा तुमची रोजची पातेली आणि तवा त्याच्यापुढे ठेवा. भोकं त्यांच्या मापाची हवीत. मासिकातल्या किंवा शेजारणीच्या मापाची नकोत. कौलं उतरवलेली असतानाच धुराड्याची जागा करून घ्या, म्हणजे नंतर गळती लागत नाही. धुराडं छपराच्या वर निदान तीन फूट जावं, त्याला टोपी असावी, आणि वासे-रिपांपासून ते चांगलं लांब असावं. अ‍ॅस्बेस्टॉसचा पाइप घरात करवतीने कापू देऊ नका. त्याची धूळ छातीला फार वाईट.

दोन गोष्टींची मनाची तयारी आधीच ठेवा. या चुलीचं तोंड लहान, म्हणून लाकूड बारीक फोडावं लागतं. ते कोण फोडणार, हे आधीच ठरवून टाका. दुसरं म्हणजे भाकरी चुलीच्या तोंडाशी आरावर फुगवायला जागा कमी मिळते. सासूबाईंना हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर महिन्याभरात जुनी चूल शेजारी मांडली जाते!

निगा

दर पंधरवड्याला धुराडं ठोकून, काथ्याचा बोळा फिरवून काजळी काढावी. चुलीच्या आतली राखही साफ करावी. भेग दिसली की त्याच दिवशी माती-शेणाने लिंपावी. धूर तोंडाशी उलटा येऊ लागला, तर धुराडं तुंबलं म्हणून समजा.

चुलीच्या धुराने डोळे चुरचुरतात एवढंच आपण धरून चालतो. पण दम्यासारखा कायमचा श्वासाचा विकार, मोतीबिंदू, हृदयविकार आणि लहान मुलांचा न्यूमोनिया, या सगळ्यांशी या धुराचं नातं आहे. म्हणून खर्चाचा हिशेब मांडताना डॉक्टरांची फीही त्यात धरा. आणि घरात दर पंधरवड्याला धुराडं साफ करायला कुणीच तयार नसेल, तर ते पैसे चुलीत न घालता गॅसच्या जादा सिलिंडरसाठी बाजूला ठेवा. त्या घराला तेच हिताचं.