परीक्षा कागदाची, खेळाडूंची नव्हे!

रविवारी रात्री मेस बंद झाली की आमच्या हॉस्टेलवर वीस बाजूंचे फासे बाहेर निघतात. खेळाचं नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. जन्म अमेरिकेत, १९७४ साली. जनक गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन. एक जण सूत्रधार, बाकीचे पात्रं. सूत्रधार प्रसंग सांगतो, आपण काय करणार ते आपण बोलायचं, आणि जमलं की नाही ते फासा ठरवतो. बस्स!

नवख्यांसाठी लिहिलेलं पहिलं साहस आधी खेळून बघतात, त्याला म्हणतात प्लेटेस्ट. मला कॉन्व्हेंटवालीला 'रंगीत तालीम' हा शब्द जवळचा वाटला. पण तालमीत नट सुधारतात, इथे संहिता सुधारायची असते.

नमुना म्हणून २०१४ च्या स्टार्टर सेटमधलं 'लॉस्ट माइन ऑफ फॅन्डेल्व्हर' घ्या. सुरुवातीलाच चार गॉब्लिन दबा धरून बसलेत. समजा आपल्या जादूगाराचं चिलखत १२ आणि प्राण ८. गॉब्लिन फाशात ४ मिळवतो, म्हणजे ८ किंवा जास्त पडलं की बाण लागला. शक्यता ६५ टक्के! एका बाणाचं नुकसान सहा बाजूंचा फासा अधिक २. दोन बाण लागले की ३६ पैकी ३३ वेळा जादूगार आडवा!

एवढं गणित कागदावरही सुटतं. पण नवा खेळाडू पळून जाईल का? 'पळता येतं' हे त्याला सुचेल का? ते टेबलावरच कळतं. म्हणूनच हरल्यावर पुढे काय, हे लिहिलेलं असावं लागतं. या पुस्तकात ते आहे : गॉब्लिन जिंकले तर ते पात्रांना बेशुद्ध सोडून लुटून जातात. गोष्ट संपत नाही.

मग टेस्ट करायची कशी? एक, खेळाडू कोरे हवेत. जुन्या भिडूंना सगळं 'समजतंच'. दोन, लेखकाने सूत्रधार होऊ नये. दुसऱ्याने निव्वळ कागद वाचून खेळवावं, लेखकाने वही घेऊन गप्प बसावं. (हे फार अवघड!) तीन, विहिरीतल्या किल्लीचा पत्ता एकाच चिठ्ठीत असेल आणि ती कुणी उचललीच नाही, तर सगळे बंद दारापाशी. म्हणून खुणा तीन ठेवाव्यात. चार, शेवटी 'आवडलं का?' विचारू नये, मैत्रीखातर सगळे 'हो' म्हणतात. 'कुठे अडकलात? कधी कंटाळलात?' असं विचारावं.

कंपनीनेही हेच केलं. २४ मे २०१२ ला नव्या आवृत्तीची जाहीर चाचणी सुरू झाली. तयार पात्रं आणि गायगॅक्सच्याच जुन्या साहसातल्या गुहा लोकांना खेळायला दिल्या, मतं मागवली, नियम बदलले. पुस्तकं आली ती २०१४ मध्ये.

एवढी खटपट कशाला? कारण फर्स्ट इयरचा, घरची आठवण काढणारा मुलगा आपल्या टेबलाशी एकदाच येऊन बसतो. त्या रात्री तो दोन तास नुसता गप्प राहिला, तर पुढच्या रविवारी तो रूमचं दार लावून झोपतो. त्याला वाटतं, आपल्यालाच खेळता येत नाही. प्रत्यक्षात नापास झालेला असतो कागद!