गाणारी कोण, विणणारी कोण?

द्विज म्हणजे दोनदां जन्मलेला. एकदां अंड्याच्या रूपानें, पुन्हां तें फोडून. हा शब्द ब्राह्मणास व दांतासही लागतो. पण पक्ष्याच्या ठायीं तो अधिक अक्षरशः खरा! पूर्वजांनीं पक्षी डोळे उघडे ठेवून पाहिले होते, यांत संशय नाहीं. कोकिळास 'परभृत' म्हटलें तेंही असेंच. त्याची मादी कावळ्याच्या घरट्यांत अंडें घालते व पिलूं कावळे वाढवितात. शाकुंतलाच्या पांचव्या अंकांत दुष्यंत हाच दाखला देऊन शकुंतलेचें मन दुखवितो.

मराठींत मात्र आमची फसगत झाली. 'कोकिळा गाते' असें आम्ही वर्गांत पुष्कळ वर्षें शिकविलें. एका चैत्रांत शाळेच्या आवारांतील आंब्यावर कुहूकुहू चालले असतां एका विद्यार्थ्यानें आम्हांस बोटानें पक्षी दाखविला : काळाकुळकुळीत, डोळे लाल. इतक्यांत शेजारच्या फांदीवरून तपकिरी अंगावर पांढरे ठिपके असलेला दुसरा पक्षी 'किक् किक्' असें ओरडत उडाला. "गुरुजी, मग कोकिळा यांतली कोणती?" उत्तर आम्हांस ठाऊक नव्हतें. ठिपक्यांची ती मादी. गात होता तो नर. पुढील तासाला आम्ही तसें वर्गांत सांगितलें. मुलें हंसलीं, तें योग्यच होतें.

सुगरणीच्या नांवानेंही असाच चकवा दिला आहे. १९३० सालीं सालिम अलींनीं अलिबागेजवळ किहीम येथें या पक्ष्यांचीं घरटीं बारकाईनें न्याहाळलीं. विणकर निघाला नर! गवताच्या पातींचे व झावळ्यांचे धागे चोंचीनें काढून तो अर्धें घरटें विणतो. मग माद्या येऊन तें तपासतात. एखादीस पसंत पडलें तर ती तेथें राहते, आंतील अस्तर घालते. नर बाहेरची नळी पुरी करतो आणि लागलाच दुसरीसाठीं दुसरें घरटें मांडतो. नापसंत घरटीं अर्धवट लोंबत राहतात. विहिरीवर अशीं घरटीं वाचकांनीं पाहिलीं असतील. तीं मोडकीं नव्हेत, नाकारलेलीं आहेत.

या अभ्यासास दुर्बीण असल्यास उत्तम, नसल्यास अडत नाहीं. वही मात्र हवी. तारीख, वेळ, झाड लिहावें. मग पक्षी चिमणीएवढा, साळुंकीएवढा कीं कावळ्याएवढा तें. मग चोंच, शेंपटी, आवाज. नांव सर्वांत शेवटीं. आमच्या वहींत अजून दोन पक्षी बिननांवाचे आहेत. त्यांतला एक रोज सकाळीं साडेसहाला परसांतील शेवग्यावर येतो.