चावीचा फोनो विकायचा, पण कसा?

जुन्या घरांत माळ्यावर कधी कधी एक वस्तू कापडात गुंडाळून ठेवलेली असते. लाकडी पेटी, बाजूला फिरवायची चावी आणि एखाद्या घरी वर पितळेचा मोठा कर्णा. आपण तिला फोनो म्हणतो. घर पाडायचं ठरलं, वाटण्या झाल्या किंवा पैशाची नड आली की ती खाली उतरते आणि दारात पहिला येतो तो भंगारवाला. तो कर्ण्याचं वजन करतो. पण अशा वस्तूचा भाव वजनावर ठरत नाही. मग तो ठरवायचा कसा, हे आज बघू.

आधी आपल्याकडे काय आहे ते ओळखा. एडिसनने 1877 साली काढलेलं यंत्र म्हणजे खरा फोनोग्राफ. त्यावर पुढे मेणाच्या नळकांड्या वाजायच्या. बर्लिनरने 1887 साली सपाट तबकडीचा ग्रामोफोन आणला. आपल्याकडे घरोघरी पोचला तो हाच. नळकांड्याचं यंत्र निघालं तर ते फार कमी मिळतं, त्यामुळे अजिबात घाई करू नका. ग्रामोफोनमध्येही दोन तऱ्हा आहेत: कर्णा बाहेर असलेला, आणि सुटकेससारखा बंद होणारा, ज्याचा कर्णा पेटीच्या आतच असतो.

आता एक सावधगिरी. बाजारात नवे कर्णे, नव्या पेट्या आणि कुत्र्याचं चित्र लावून केलेल्या नकला भरपूर आहेत. त्यांत बरेचदा जुन्या सुटकेस-फोनोची मोटर काढून बसवतात. म्हणून ‘तुमची पेटी साधी आहे, कर्णा नाही, किंमत नाही’ असं कोणी म्हणालं तर गप्प बसू नका. त्याला आतली मोटर हवी असू शकते. आणि ‘हा डुप्लिकेट आहे’ असं म्हणालं तर यंत्रावरची कंपनीची पट्टी, मॉडेल नंबर, जुनी पावती, सासऱ्यांच्या काळातला फोटो पुढे ठेवा.

दुसरी गोष्ट, घासूपुसू नका. आपला हात लगेच चिंच आणि राखेकडे जातो. पण जाणकार गिऱ्हाईक जुनं रूप तसंच बघायला मागतं. चकाचक केलेलं पितळ आणि नवं पॉलिश केलेलं लाकूड बघून ते भाव पाडतं. कोरड्या मऊ फडक्याने धूळ झटका, बस्स. चावी जोर लावून फिरवू नका, आतली स्प्रिंग तुटेल. जुन्या तबकड्या लाखेच्या असतात. त्यांना स्पिरिट लावलं तर लाख विरघळते आणि हातातून पडल्या तर काचेसारख्या फुटतात. त्या उभ्या ठेवा, एकीवर एक रचू नका. आणि लोखंडी सुई तबकडीच्या दर बाजूला बदलायची असते. जुनी सुई लावून गिऱ्हाइकाला वाजवून दाखवलंत तर तबकडी खरवडेल.

तबकड्यांचा भाव यंत्रापासून वेगळा काढा. ‘पेटीबरोबर त्या फुकट द्या’ हे ऐकू नका. वहीत यादी करा: गायकाचं नाव, गाणं, कंपनी, लेबलवरचा नंबर, तडा आहे का. आपल्या देशात तबकड्यांसाठी ध्वनिमुद्रण 1902 साली कोलकात्यात सुरू झालं, त्यात गौहर जान यांचाही आवाज होता. पुढे बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर यांच्या तबकड्या निघाल्या. जास्त खपलेल्या तबकड्यांना भाव कमी, दुर्मिळ तबकडीला जास्त. ते लेबलवरूनच कळतं, म्हणून लेबल ओलं करू नका.

आता विकायचा कुठे? घरी येणारा व्यापारी रोख देतो आणि त्रास वाचवतो, पण त्याला पुढे विकून नफा कमवायचा असतो. मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार इथे भाव समजतो, पण यंत्र बरोबर नेऊ नका. आधी फक्त फोटो दाखवा. यंत्र तिथे नेलं की परत आणायचा कंटाळा येतो आणि मिळेल त्या भावात देऊन मोकळं व्हावं लागतं. संग्राहक बहुधा जास्त देतो, पण वेळ लावतो आणि बारकाईने तपासतो. मुंबईत 1990 पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स नावाची संग्राहकांची संस्था आहे. अशा ठिकाणी चौकशी केली तर माहीतगार माणूस भेटतो. लिलावात भाव चढू शकतो, पण कमिशन कापलं जातं, ते आधीच लेखी विचारून घ्या.

बोललेला भाव आणि हातात येणारा पैसा यांत फरक असतो. समजा व्यापारी घरी येऊन 9,000 रुपये देतो. लिलावात 12,000 येतात, पण कमिशन 2,000 आणि गाडीभाडं 1,500. म्हणजे हातात 8,500. मोठा आकडा छोटा निघाला की नाही? आपण गटाच्या वहीत जमा-खर्च मांडतो, तसाच हाही मांडा. निदान तीन ठिकाणचे भाव घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

मोबाइलवर जाहिरात दिलीत तर एक पक्कं लक्षात ठेवा: पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही आणि क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. कोणी तसं सांगितलं तर तो आपल्या खात्यातून काढतोय. फसवणूक झालीच तर लगेच 1930 वर फोन करा. परदेशी गिऱ्हाईक ‘पार्सल करा’ म्हणालं तर थांबा. 1972 च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू आपल्याला देशाबाहेर पाठवता येत नाही. आपली वस्तू त्या कायद्यात येत नाही, असा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा दाखला आधी घ्यावा लागतो.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, नड आणि विक्री एकाच दिवशी आणू नका. आमच्या एका गटातल्या काकूंना लेकीच्या नर्सिंगची फी आठ दिवसांत भरायची होती. भंगारवाला दारात उभा होता. गटाने अंतर्गत कर्ज दिलं, फी भरली गेली आणि काकूंना दोन महिने मिळाले. त्या काळात त्यांनी दिराला आणि दोन्ही नणंदांना विचारलं, कारण वस्तू सासऱ्यांची, म्हणजे लेकींचाही त्यात वाटा. धाकट्या नणंदेने दोन तबकड्या आठवण म्हणून मागून घेतल्या, बाकीला सगळ्यांनी कागदावर सही करून होकार दिला. मग तीन भाव आले, आणि भंगारवाल्याचा भाव त्यांच्या जवळपासही नव्हता. कर्ज फिटून वर पैसे उरले. ते काकूंच्या स्वतःच्या खात्यात जमा झाले.

न विकणं हाही एक निर्णयच आहे. लग्नाच्या सजावटीला किंवा शूटिंगला असा फोनो भाड्याने मागतात. पण अनामत रक्कम आणि लेखी पावती घेतल्याशिवाय देऊ नका.

तर मैत्रिणींनो, या महिन्याच्या बैठकीत विचारा, कोणाच्या माळ्यावर काय आहे? आधी वहीत नोंद करा, फोटो काढा. भाव नंतर बोलू. नमस्कार.