यंत्राचा ढोल, माणसाची लय

जिवतीच्या डोंगरपट्ट्यात ढेमसा रंगला की ढोलवाला नाचणाऱ्यांची पावले बघून लय वाढवतो. विद्यार्थी मित्रांनो, कातडे नाही, टिपरी नाही, असा ढोल वाजेल का? 'ड्रम मशीन' हे यंत्र तसाच वाजते.

झोका एकदा ढकलून सोडला की त्याचे हेलकावे लहान होत होत थांबतात. थाप पडल्यावर ढोलाचे कातडेही तसेच कंप पावते. जपानच्या रोलँड कंपनीने १९८० साली आणलेल्या टीआर-८०८ या यंत्रात कातड्याच्या जागी विद्युत मंडल असते. विजेचा क्षणिक धक्का मिळताच त्यात आंदोलने उठतात आणि विरतात. ध्वनिवर्धकातून तीच 'धम्म' अशी ऐकू येतात. थाप केव्हा पडावी, हे ठरवायला ओळीने १६ बटणे. आपल्या त्रितालाच्या मात्राही १६च!

मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली या यंत्राच्या ठेक्यावर दहा रागांची ध्वनिमुद्रिका काढली. तेव्हा तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली, तेव्हा परदेशातले रसिक चकित झाले. शिकागोत पुढे गाजलेल्या 'ॲसिड हाउस' संगीताशी तिचे विलक्षण साम्य होते.

यंत्र थकत नाही, ठेका चुकत नाही. पण ते पावलांकडे बघतही नाही. पुढच्या ढेमशाला घड्याळ घेऊन बसा. सुरुवातीच्या २० थापांना किती वेळ लागला आणि शेवटच्या २० थापांना किती, ते मोजा. हा फरक यंत्राला कोणीतरी सांगावा लागतो. ढोलवाल्याला तो समोर दिसतो.